दोघींत एक साडी

टायपिंगच्या क्लासमधल्या बाईंनी आम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "स्पीड यायचा तेव्हा येईल. आधी एक साडी बाजूला काढून ठेवा. कॉल आला की मग धावपळ होते."

आम्ही दोघी तेव्हा जळगावात राहत होतो. ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. मी धरणगावकडच्या एका खेड्यातली, घरी कापूस. ती जिल्ह्याच्या पार पूर्वेच्या टोकाची, एदलाबादकडची. त्या गावाला मुक्ताईनगर म्हणायची सवय तेव्हा कुणाला लागलेली नव्हती. तिच्या घरी केळी. बी.कॉम. झाल्यावर टायपिंग आणि शॉर्टहँड शिकायचं म्हणून दोघींनी मिळून एका मावशींच्या घराची मागची खोली घेतली होती. कॉलेजात आमची नुसती तोंडओळख होती. खोलीत आल्यावर महिन्याभरात अशी गट्टी जमली की मावशी एकीला हाक मारायच्या आणि ओ दुसरी द्यायची.

ती उंच, रुंद खांद्यांची, मोठ्याने हसणारी. मी तिच्या खांद्याला लागायचे. मी बोलता बोलता अहिराणीवर घसरले, 'आहे'चं 'शे' झालं, की ती पोट धरून हसायची. "काय शे, कोठे शे, सगळं तुमचं शेच शे!" आणि मग स्वतःच्या बोलीत मला "काय व बाई, राग आला का तुले?" असं विचारायची. तो "व बाई" तिच्यासारखा म्हणणारं माणूस मला नंतर भेटलं नाही.

बाईंच्या सूचना पुष्कळ होत्या. साडी चमकणारी नको, चालताना सळसळणारी नको. बांगड्या एकेका हातात दोनच. "टाइप करताना किणकिण झाली की साहेबाचं लक्ष उडतं आणि चूक तुमची धरली जाते." केसांत फूल नको. पदर पिन केलेला हवा, सारखा सावरत बसायचं नाही. चपला आवाज न करणाऱ्या. आम्ही हे सगळं शॉर्टहँडच्या वहीत मागच्या पानावर लिहून घेतलं आणि त्या दिवशी खोलीवर येऊन दोघींच्या ट्रंका उघडल्या.

सात-आठ साड्या निघाल्या. सगळ्या लग्नांत आहेर म्हणून आलेल्या. नारिंगी नायलॉन, त्यावर सोनेरी बुट्टे. राणी रंगाची, तिला काठाला आरसे. एक पोपटी होती ती इतकी घसरायची की नेसून उभं राहिलं तरी निऱ्या खाली यायच्या. माझ्या आईनं या साड्या फार हौसेनं जपल्या होत्या, डांबराच्या गोळ्या घालून. त्यातली एकही टेबलामागे बसून काम करायची नव्हती. माझ्या मैत्रिणीकडे दोन पंजाबी ड्रेस होते. त्यातल्या एकावर ओढणीपासून सलवारीपर्यंत तांबूस-काळे डाग. केळीचा चीक कपड्याला लागला की कपडा फाटेपर्यंत जात नाही. "आमच्या घरात डाग नाही असं कापड फक्त देव्हाऱ्यात," ती म्हणायची. दुसरा ड्रेस पिवळा, बिनडागी. तो ती जपून वापरायची.

शेवटी दोघींनी मिळून एक साडी घ्यायची ठरवलं. दोघींचे इंटरव्ह्यू एकाच दिवशी कशाला येतील, असा आमचा हिशोब.

दुकानात गादीवर बसल्या बसल्या दुकानदारानं विचारलं, "लग्न कोणाकडे?"

"लग्न नाही," मी म्हणाले. "ऑफिसात नेसायची आहे."

"ऑफिसला वेगळी साडी असते का ताई?" त्यानं खरंच आश्चर्यानं विचारलं, आणि तरी लग्नाच्याच दाखवत राहिला. बदामी, जरी बारीक. मोरपंखी, जरी मोठी. समोर ढीग झाला. आम्ही नको नको म्हणत गेलो. तो वैतागला, उठला, आणि अगदी खालच्या फळीवरून एक गठ्ठा ओढून काढला. "मग या बघा. या म्हाताऱ्या बायका नेतात."

त्या गठ्ठ्यात ती होती. करडी, जरा निळसर झाक असलेली, बोटभर गडद निळा काठ. सुती, पण लगेच चुरगळणारी नव्हती. माझ्या मैत्रिणीनं ती उलगडून माझ्या खांद्यावर टाकली, मग स्वतःच्या, मग दुकानाच्या आरशात दोघींना एकदम पाहिलं.

"द्या ही," ती दुकानदाराला म्हणाली. "आम्ही आजपासून म्हाताऱ्या."

ब्लाउज मात्र दोन लागणार होते. तिच्या ब्लाउजमध्ये माझ्यासारख्या दीड मावल्या असत्या. साडीबरोबरच्या कापडात एकच निघत होता. तो तिनं मला शिवायला लावला आणि स्वतःसाठी बाजारातून तसल्याच निळ्या रंगाचं कापड आणलं. रंग तंतोतंत जुळला नाही. "मी उंच आहे, माझ्याकडे लोक वर बघतात," असं काहीतरी सांगून तिनं तो विषय संपवला.

मग संध्याकाळी क्लासहून आल्यावर सराव. एकीनं साडी नेसून दारातून आत यायचं, खुर्चीत बसायचं, उठायचं. मावशी साहेब व्हायच्या. त्या ओट्यावर सुपात तांदूळ निवडत बसलेल्या असायच्या आणि तिथूनच विचारायच्या, "नाव काय? शिक्षण किती? पुरणपोळी येते का?" मला बसताना पदर हाताशी धरायची खोड होती. माझी मैत्रीण मागून टपली मारायची. "सोड तो. पळून नाही जाणार." खुर्चीत पाठ टेकून न बसता ताठ कसं बसायचं ते मी तिच्याकडून शिकले. पुढे सारी नोकरी मी तशीच बसले.

कॉल आला तो दोघींना, एकाच पोस्टानं, धुळ्याच्या एकाच कार्यालयाचा. टायपिस्टच्या जागा होत्या. तारीख एक. फक्त वेळ निराळी होती, माझी सकाळी अकराची, तिची दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर. आम्ही दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले.

"झालं," ती म्हणाली. "सकाळी तू नेस, दुपारी मी."

"तिथं बदलायची कुठं?"

"धुळ्यात भिंती नाहीत का?"

पहाटेची एस.टी. धरली. साडी मी नेसले होते, ती पिवळ्या ड्रेसमध्ये होती, तिचा ब्लाउज आणि परकर पिशवीत. तिनं सीटवर वर्तमानपत्र पसरलं, मला खिडकीपासून दूर बसवलं, खिडकीतून धूळ येते म्हणून. एरंडोल गेलं, पारोळा आला, तरी मला मागे टेकू दिलं नाही. डोळा लागला की कोपर मारायची. मी चिडले तर म्हणाली, "साडी तुझ्या एकटीची आहे का? अर्धी माझी आहे. माझा अर्धा भाग ताठ बसव." पुढच्या सीटवरचे एक आजोबा वळून हसले होते, ते अजून दिसतात.

कार्यालयात व्हरांड्यात बाकं टाकलेली. पंधरा-वीस जण होते, बहुतेक मुलगे. कडक इस्त्रीचे पांढरे शर्ट, काहींचे नक्की दुसऱ्याकडून आणलेले, कारण बाह्या मनगटाच्या खाली तरी येत होत्या किंवा वर तरी राहत होत्या. मुली आम्ही चारच. आधी टायपिंगची परीक्षा. मला दिलेल्या मशीनची रिबन मधेच अडकली. तक्रार करायचा धीर झाला नाही. झाकण उघडलं, बोटांनी रिबन सरळ केली, आणि पुढे टाइप करत राहिले. पान वेळेत पूर्ण झालं आणि लगेच तोंडी परीक्षेला नाव पुकारलं, तेव्हा त्या आनंदातच आत गेले. तीन साहेब होते. गाव कोणतं, स्पीड किती, बदली झाली तर जाल का. "हो, जाईन," मी म्हणाले. पाठ ताठ होती. पाच-सात मिनिटांत बाहेर आले.

माझी मैत्रीण बाकावरून उठली आणि माझ्या तोंडाकडे पाहायच्या ऐवजी खांद्याकडे पाहत राहिली.

मी मान वळवून पाहिलं. पदरावर, बरोबर डाव्या खांद्याच्या पुढे, चार काळी बोटं उठली होती. रिबनच्या शाईची. सराव करून करून मोडलेली ती खोड मी आत जाताना पुन्हा केली होती आणि मला कळलंही नव्हतं.

मी व्हरांड्याच्या टोकाला नळ होता तिकडे धावले. ती मागून आली आणि तिनं माझा हात धरला. "पाणी लावू नको. पसरेल. डागाचं मला विचार, मला त्यातलं कळतं."

मला रडू आलं. तिथं शिपाई म्हणून काम करणारी एक बाई बसलेली होती. पन्नाशीची असेल, कार्यालयातले सगळे तिला अक्का म्हणत होते. ती उठून आली.

"का रडी ऱ्हायनी व माय?"

घरची बोली कानावर पडली आणि मी आणखीच रडायला लागले. मग माझ्या मैत्रिणीनंच सगळं सांगितलं, साडी एक, इंटरव्ह्यू दोन, आता असं झालं. अक्कानं आम्हा दोघींना खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग कमरेची किल्ली काढली आणि आम्हाला जुन्या फायलींच्या खोलीत नेलं. "आठे बदला. मी दारवर उभी ऱ्हास."

त्या खोलीत जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढी जागा होती. भोवती वरपर्यंत लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे. मी साडी सोडली, ती तिनं घेतली. तिनं ड्रेस काढला, तो मी चढवला. तो पिवळा ड्रेस माझ्या पोटऱ्यांपर्यंत आला, बाह्यांतून हात दिसेनात. आयुष्यात पहिल्यांदा मी पंजाबी ड्रेस घातला तो असा. ती माझ्याकडे पाहून हसू दाबत होती आणि मी अजून मुसमुसत होते. मग ती खाली बसली, पदर मांडीवर घेतला आणि खांद्यावरच्या पट्ट्या नेहमीपेक्षा अरुंद, एकावर एक अशा घालायला लागली. दोनदा सोडल्या, तिसऱ्यांदा डाग मधल्या घडीत गेला. पण एका पिनेनं तेवढ्या पट्ट्या राहीनात. दाराच्या फटीतून अक्कानं हात आत घातला. तिच्या बांगडीत दोन सेफ्टी पिना अडकवलेल्या होत्या. "दोन्हीबी ले."

दुपारी तिची टायपिंगची परीक्षा झाली, मग आत जायला नाव पुकारलं. मी त्या ढगळ पिवळ्या ड्रेसमध्ये बाकावर बसून होते. नावं पुकारणाऱ्या कारकुनानं सकाळी मला करड्या साडीत पाहिलं होतं. तो एकदा माझ्याकडे बघे, एकदा आत जाणाऱ्या करड्या साडीकडे. माझा इंटरव्ह्यू पाच-सात मिनिटांत झाला होता. तिला बराच वेळ लागला. आतून एकदा हसण्याचा आवाज आला.

ती बाहेर आली, आधी अक्काच्या पिना काढून तिला परत दिल्या, मग म्हणाली, "चल, मला भूक लागली."

परतीच्या गाडीत तिनं सांगितलं. मधल्या साहेबांनी तिच्याकडे पाहून म्हटलं होतं, "सकाळी एक मुलगी येऊन गेली. तिचीही अशीच साडी होती."

"मग?"

"मी म्हटलं, अशीच नाही साहेब, हीच."

"असं सांगितलंस तू?"

"मग काय खोटं सांगू? ते हसले. मग सगळं विचारत बसले. कुठं राहता, कुठं बदलली. टायपिंगचं कमीच विचारलं."

"अगं, कशाला सांगितलंस? नुसतं हो म्हणायचं."

"तुले काय वाटतं, साडी पाहूनच घेतात का?" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. मग डोकं मागे टेकवून झोपून गेली. मी तिला पारोळ्यापर्यंत उठवलं नाही.

दीड-दोन महिन्यांनी लिफाफा आला. एकच. माझ्या नावाचा. पोस्टमन मावशींकडे देऊन गेला होता. माझ्या मैत्रिणीनंच तो खोलीत आणला, पत्ता वाचला आणि माझ्या हातात दिला. मी फोडला आणि वाचून खाली ठेवला.

"अगं, पेढे आण," ती म्हणाली.

"तुझं येऊ दे. दोघींचे एकदम आणू."

तीन दिवस मी पोस्टमनची वाट पाहत ओट्यावर बसले. चौथ्या दिवशी ती स्वतः जाऊन पेढे घेऊन आली. मावशींना दिले, क्लासच्या बाईंना नेऊन दिले, शेजारीपाजारी दिले, आणि प्रत्येकीला सांगितलं, "हिला नोकरी लागली धुळ्याला." मला तेव्हा तिच्याकडे नीट पाहवत नव्हतं. तो डाग नसता तर, असं माझ्या मनात रोज येत होतं. साहेबांना घडीतून शाई दिसली असेल का? की ती खरं बोलली तेच नडलं? की टायपिंगमध्येच मार्क कमी पडले? तिला मी यातलं एकही विचारलं नाही. एका खोलीत राहून, एका ताटात जेवून विचारलं नाही.

मी रुजू व्हायच्या आदल्या संध्याकाळी तिनं मावशींची कोळशाची इस्त्री तापवली आणि साडीला इस्त्री केली. डाग धुवून फिका झाला होता, राखाडी सावली उरली होती. "ही तू ने," ती म्हणाली. "तुला रोज लागेल. मी कशाला ठेवू?"

"तुझे आणखी कॉल येतील ना."

"आला तर सांगेन, घेऊन ये धुळ्याहून."

तिला एक कॉल आलाही, जळगावातल्याच एका डाळ मिलच्या कचेरीचा. मी रविवारी साडी घेऊन आले, सोमवारी ती नेसली. हमालांशी बोलायला बाई चालणार नाही, असं त्यांनी सांगितलं. "मग बोलावलं कशाला?" असं तिनं त्यांना विचारलं म्हणे. पुढे महिनाभरात, एका रविवारी मी खोलीवर गेले असताना, तिचे वडील, नाना, तिला न्यायला आले. खुर्चीत अवघडून बसले, माझ्याशी फार मायेनं बोलले. "तुह्यासारखी नोकरी लागली असती तं राहू दिलं असतं," असं म्हणाले. स्थळ आलं होतं. ती ट्रंक भरत होती. तिनं असं गप्प राहावं याची मला सवय नव्हती. बसस्टँडवर गाडी सुटताना तिनं खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या डोक्यावर टपली मारली, एवढंच.

धुळ्यात मी मामांकडे राहून नोकरी केली. अक्का सोडली तर कार्यालयात माझ्याआधी दोनच बायका होत्या. त्यातल्या मोठ्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात मला जवळ बोलावून सांगितलं, "रोज तीच साडी नेसू नकोस. लोक म्हणतील, घरचं काही नाही का हिला." मी आणखी दोन घेतल्या. दुकानात आता मला कळत होतं काय मागायचं ते. तरी पुढ्यात साड्या पडल्या की मी बाजूला वळायचे. खांद्यावर टाकून पाहायला शेजारी कोणी नसायचं. करडी साडी तीन-चार वर्षं टिकली. मग विरत गेली आणि एक दिवस टाचेत अडकून उभी फाटली.

नव्वदीत हळूहळू बदल झाला. कार्यालयात आम्ही सहा-सात जणी झालो. तरुण मुली पंजाबी ड्रेस घालू द्या म्हणून कुजबुजायच्या, पण साहेबांकडे जाईना कोणी. शेवटी मीच गेले, कारण मी जुनी. साहेब म्हणाले, "मॅडम, नियमात कुठं साडी लिहिलेली नाही. तुम्हीच नेसत आलात." आम्ही इतकी वर्षं काय विचारायला घाबरत होतो कोण जाणे. पहिल्या दिवशी ड्रेस घालून जाताना मला चोरी केल्यासारखं वाटलं. जिना चढताना पाय मोकळे, हात मोकळे. टेबलाशी बसले आणि तिची इतकी आठवण आली की त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी तिला आंतर्देशीय पत्र लिहिलं. चार-पाच वर्षांत ते पहिलंच. आधी मी लिहायचे, मग माझं लग्न, संसार, मुलगी, सासरचं माणूस आजारी, असं करत राहून गेलं होतं. तिचं उत्तर आलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात सासरच्या माणसांबरोबर मुक्ताईनगरला मुक्ताबाईच्या दर्शनाला जायचं निघालं. देवळात दर्शन झाल्यावर मी नवऱ्याला सांगितलं, दोन तासांत येते. रिक्षा करून जवळच तिच्या सासरच्या गावी गेले. घरात तिची सासू होती. म्हणाली, "वावरात गेली. कापणी चालू हे."

बांधावरून चालत गेले. केळीच्या रांगांतून बायका घड काढून आणत होत्या. त्यांच्यात एक उंच बाई होती. साडीवर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, डोक्याला टॉवेल. शर्टचा मूळ रंग कोणता ते ओळखू येत नव्हतं, इतका चिकानं काळा झालेला. तिनं हात कपाळाशी नेऊन माझ्याकडे पाहिलं.

"कोण पाहिजे, ताई?"

"तू पाहिजे," मी म्हणाले.

तिनं डोक्यावरचा टॉवेल मागे सारला. मग जोरात हसली, तिचं ते हसू, आणि दोन्ही हात पुढे करून मला थांबवलं. "तिथंच थांब व बाई! जवळ येऊ नको, चीक लागेल!" तिनं शर्ट काढला, झाडाच्या खुंटाला टांगला, पाण्याच्या नळीवर कोपरापर्यंत हात धुतले, पदराला पुसले आणि मग मला मिठी मारली.

आम्ही विहिरीजवळ बसलो. ती सगळी शेती पाहत होती. नवरा गाडी भरून देणं वगैरे बाहेरचं बघायचा. दोन मुलं होती. माझं पत्र तिला मिळालं होतं. "मग उत्तर का नाही दिलंस?" "रोज मनात म्हणे, आज लिहू." मग ती मला विचारत सुटली. टेबल कुठं आहे? खिडकी आहे का? शेजारी कोण बसतं? डब्यात काय नेतेस? मशीन अजून तेच का? कॉम्प्युटर येणार म्हणतात, खरं का? तू शिकशील ना? मी सांगत गेले आणि ती हनुवटीला हात लावून ऐकत राहिली. शिपाई अक्का निवृत्त झाली म्हटल्यावर तिला वाईट वाटलं. "तिच्या पिना होत्या म्हणून," ती म्हणाली.

मला वाटलं आता बोलायला हवं. "त्या दिवशी मी डाग पाडला नसता तर तुझं झालं असतं. मला कधी सांगता आलं नाही."

"कोणता डाग?"

"शाईचा. पदरावरचा."

तिनं आठवून पाहिलं. "पिना आठवतात. आणि तू त्या पिवळ्या ड्रेसमध्ये. काय दिसत होतीस!" ती पुन्हा हसायला लागली. खरंच विसरली होती की मला सोडवत होती, ते मला आजही सांगता येणार नाही. हसून झाल्यावर म्हणाली, "मला टाइप करायला आवडायचं बरं का. स्पीड तुझ्यापेक्षा जास्त होता माझा." मी हो म्हटलं. होताच.

लांबून मजूर बायकांनी हाक मारली. तिनं शर्ट पुन्हा चढवला. बांधापर्यंत मला सोडायला आली. म्हणाली, "येत जा." मी म्हणाले, "येईन ना."

पण गेले नाही. माझी बदली नंदुरबारला झाली, मग मुलीची शाळा, मग सासूबाईंचं आजारपण. दिवाळीला भेटकार्ड पाठवायचे. एका वर्षी ते परत आलं. एका ओळखीच्याकडून चौकशी केली तर कळलं, भावाभावांत वाटण्या झाल्या आणि ते लोक सुरतकडे गेले. सुरतेत कुठं, ते सांगणाऱ्यालाही माहीत नव्हतं.

सुरतेला माझा भाचा असतो. त्याच्याकडे गेले की मी भाजी आणायला मुद्दाम स्वतः जाते. मागे एकदा बाजारात पुढे एक उंच बाई चालली होती, रुंद खांदे, पाठीवर वेणी. मी गर्दीतून घाईनं पुढे गेले आणि वळून पाहिलं. दुसरीच होती. मी अशी समोर येऊन उभी राहिले म्हणून ती थांबली.

"काय पाहिजे, ताई?"

"काही नाही. ओळखीच्या वाटलात."

"कुठल्या तुम्ही?"

"धुळ्याची. तुम्ही?"

"आम्ही पारोळ्याचे," ती म्हणाली, आणि पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग तिथंच कडेला सरकून, मेथीच्या जुड्यांशेजारी, आम्ही बराच वेळ बोलत उभ्या राहिलो.